दोन सेंटीमीटरचा मोह

गाडी घेताना माणूस इंजिनाची चौकशी करतो, रंगावरून घरात वाद घालतो, सीट दाबून बघतो. टायरच्या अंगावर काय लिहिलंय ते मात्र कुणी वाचत नाही. ते वाचायची पाळी येते टायर गोटा झाल्यावर. तोवर आपल्याआधी ते वाचून, पाठ करून बसलेली मंडळी भोवती जमलेली असतात: टायरवाला, मेकॅनिक, शेजारी आणि भाचा. यातला भाचा सगळ्यात धोकादायक.

आमची गाडी इसुझूची व्ही-क्रॉस. पुढं पाच माणसांची केबिन, मागं हौदा. राहायला कोल्हापुरात, आणि राजापूरच्या वरच्या अंगाला सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला, लागून थोडी आमराई. त्यामुळं अधूनमधून अणुस्कुऱ्याचा घाट उतरायचा, खतं आणि पाइपांची बंडलं खाली न्यायची, हंगामात घरच्यापुरत्या पेट्या वर आणायच्या. बाकीचे दिवस ही एवढी लांबलचक गाडी राजारामपुरीत पार्किंग शोधत फिरते. साठ हजार किलोमीटरच्या आसपास टायरांनी मान टाकली. तक्रार नाही, बरेच टिकले म्हणायचे.

त्यांच्या अंगावर लिहिलं होतं २५५/६० आर १८. वाचायला अवघड नाही. टायर २५५ मिलीमीटर रुंद, त्याची उभी भिंत रुंदीच्या साठ टक्के म्हणजे १५३ मिलीमीटर, आणि आतली डिस्क अठरा इंची. दोन भिंती आणि डिस्क मिळून नव्या टायरची उंची झाली ७६३ मिलीमीटर. भाच्यानं सुचवलेला आकार २६५/६५ आर १८. हाच हिशेब केला तर उंची ८०२.

भाच्याकडं हीच गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. गाडी नावावर व्हायच्या आत त्यानं ते मोठे टायर चढवले होते. आमच्या दारात गाडी लावून, माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "मामा, गाडी बघा कशी रेड्यागत हाय, आन् पायात स्लिपर."

हे वाक्य एकदा कानात गेल्यावर निघत नाही. मी त्यानंतर रोज सकाळी गॅलरीतून खाली बघायचो आणि मला स्लिपर दिसायची. पिकअपच्या चाकावरची कमान मोठी असते, टायर आणि पत्रा यांच्यामध्ये हाताचा पंजा आडवा जाईल एवढी पोकळी राहते. शोरूममध्ये ती डोळ्यांत भरत नाही. शेजारी मोठ्या टायरची तीच गाडी उभी राहिली, की मग आपली गाडी पोरसवदा वाटायला लागते.

ती पोकळी उगाच रिकामी ठेवलेली नसते, हे कळायला हौदा भरावा लागतो. खताची पोती टाकली की मागचे स्प्रिंगचे पाटे बसतात आणि पंजा जात होता तिथं जेमतेम दोन बोटं जातात. पुढच्या चाकांचं आणखी वेगळं. पूर्ण स्टेअरिंग तोडून रिव्हर्स घेताना, त्यातून एक चाक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर असेल, तर टायर कमानीच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. भाच्याच्या गाडीत तो तिथल्या प्लास्टिकच्या लायनरला घासतो. टायरवाल्यानं हीटगननं तापवून ते प्लास्टिक थोडं मागं दाबून दिलंय, थोडं कापलंय. "सगळेच करतात," असं त्यावर उत्तर. सगळेच करतात हे खरंच आहे.

दिसण्याच्या मोहाला मी नावं ठेवणार नाही. कोल्हापुरात राहून गाडीच्या दिसण्याला नावं ठेवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण भाचा दिसण्याबद्दल फार बोलत नव्हता. तो ग्राउंड क्लिअरन्सबद्दल बोलत होता. सड्यावरच्या कातळाला खालचा भाग लागतो, पाणंदीत मधला उंचवटा घासतो, मोठा टायर टाका म्हणजे गाडी उचलली जाईल, हा त्याचा मुद्दा. म्हणून मी कागद घेतला. ८०२ वजा ७६३, एकोणचाळीस मिलीमीटर. पण ॲक्सल टायरच्या मध्यावर असतो, म्हणजे गाडी उचलली जाणार त्याच्या निम्मी. एकोणीस मिलीमीटर आणि वर थोडं. दोन सेंटीमीटरसुद्धा नाही. लाखाच्या घरातल्या खर्चानं दोन सेंटीमीटर.

"मग मला एवढा फरक कसा जाणवला?" भाचा म्हणाला. प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर मला अंगणात सापडलं.

जुन्या टायरवर खडूनं एक रेघ मारली, जमिनीवर तिच्याखाली एक रेघ मारली, आणि बायकोला गाडी हळू पुढं घ्यायला सांगून मी वाकून बघत राहिलो. चाकाची एक फेरी पुरी होऊन रेघ पुन्हा जमिनीला टेकली तिथं दुसरी खूण. टेप लावला. कागदावरच्या हिशेबानं नव्या टायरचा घेर दोन मीटर चाळीस सेंटीमीटर भरतो. जमिनीवर भरला सव्वादोन मीटरच्या थोडासा वर. यातला काही फरक टायर खाली दबतो म्हणून. रेडिअल टायर वजनाखाली बसतो, आणि चालताना कागदावरच्या घेरापेक्षा दोन-तीन टक्के कमीच अंतर कापतो. उरलेला फरक मात्र झिजेचा. असल्या टायरची नक्षी नवी असताना नऊ-दहा मिलीमीटर खोल असते. खाचेत मधेमधे रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलीमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. म्हणजे टायर संपेपर्यंत गाडी आपोआप आठ मिलीमीटर खाली आलेली असते. ती रोज इतकी हळू खाली येते की कुणाच्या लक्षात येत नाही.

जो कुणी मोठे टायर टाकतो तो आपले जुने, गोटा झालेले टायर उतरवून टाकतो. तुलना होते ती संपलेल्या लहान टायरची आणि कोऱ्या मोठ्या टायरची. भाच्याची गाडी सत्तावीस मिलीमीटर वर गेली. त्यातले आठ नुसत्या कोरेपणाचे होते. पकड वाढली, आवाज बदलला, खड्डा कमी लागला, चिखलात गाडी अडकली नाही, या सगळ्यात कोऱ्या रबराचा वाटा किती आणि मोठ्या आकाराचा किती, हे कुणीच वेगळं काढत नाही. जुन्याच आकाराचा कोरा टायर एक महिना वापरून मग मोठा टाकणारा माणूस मला भेटलेला नाही. एवढे पैसे कुणाकडं आहेत!

आता घाट. अणुस्कुरा ज्यांनी चढलाय त्यांना सांगायला नको. वळणं अशी की समोरून एसटी आली तर एकानं थांबायचंच, आणि थांबलेल्या गाडीनं पुन्हा चढावर उठायचं. आमच्या वाडीत एक पिकअपवाले आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. बोलेरोची पिकअप, सातशे-पंधराचे टायर, हंगामात वाशीच्या मार्केटला आंब्याच्या पेट्या, पावसाळ्यात सिमेंट, पत्रे, जे मिळेल ते. मोठ्या टायरचा विषय मी त्यांच्याकडं काढला, तर त्यांनी गाडीकडं बघितलंही नाही. "मोठा टायर घातलास तर घाटात सेकंड रडंल," एवढं बोलून ते चहा पीत बसले.

तात्यांच्या या एका वाक्यात सगळं गणित आहे. टायरचा घेर पाच टक्के वाढला, म्हणजे तेवढ्याच वेगाला इंजिन पाच टक्के कमी फिरणार. सपाट रस्त्यावर ते सुखाचं वाटतं, इंजिनाचा आवाज उतरतो. चढावर तेच उलटं पडतं. या गाडीच्या १.९ लिटर इंजिनाचा पुरा जोर, ३६० न्यूटन मीटर, दोन हजार फेऱ्यांपासून मिळायला लागतो. वळणावर ज्या वेगाला पूर्वी काटा दोन हजारावर असायचा तिथं आता तो एकोणीसशेवर येणार, म्हणजे टर्बो जागा व्हायच्या जरा अलीकडं. शिवाय जमिनीला लागणारी ओढही तेवढीच कमी. रिकाम्या गाडीला याचं काही वाटत नाही. हौद्यात पोती असली की मग पहिला टाकावा की दुसऱ्यावरच हाफ क्लच धरावा, असा पेच पडतो. भाचा हाफ क्लच धरतो. क्लच प्लेटचा खर्च टायरच्या खात्यात कुणी मांडत नाही.

उतरणीला ब्रेकचं तेच. ब्रेकची डिस्क तेवढीच राहिली, पण टायर जमिनीला टेकतो ती जागा ॲक्सलपासून लांब गेली, त्यामुळं तितकाच ब्रेक लागायला पाय जास्त दाबावा लागतो. वर टायर स्वतःच जड. जाड भिंतीचा, खडबडीत नक्षीचा मोठा टायर मूळ टायरपेक्षा चार-पाच किलोनं सहज जास्त भरतो, आणि हे वजन नुसतं वाहायचं नसतं, फिरवायचं आणि थांबवायचं असतं. पाच टक्के ही गोष्ट एकट्यानं फार मोठी नाही. ती ओढीत आहे, ब्रेकमध्ये आहे, वजनात आहे आणि सगळीकडं एकाच दिशेला आहे, हे मला खटकलं.

स्पीडोमीटरची गंमत निराळी. काटा ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी चौऱ्याऐंशीनं जात असते. मुळात स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा दंडक असतो, म्हणून कंपन्या तो थोडा जास्तच दाखवतील असा बसवतात. त्यामुळं मोठ्या टायरनंतर तो उलट खऱ्याच्या जवळ येतो, असं काही जण अभिमानानं सांगतात. असेलही. पण किलोमीटरचं मीटरही त्याच फेऱ्या मोजतं. गाडी एक हजार पन्नास किलोमीटर गेली तरी मीटर हजारच दाखवणार. म्हणजे टाकी टू टाकी ॲव्हरेज काढणारा माणूस समजतो की बारा देणारी गाडी साडेअकरावर आली. त्यातली बरीचशी घट निव्वळ मोजण्याची असते, खरी घट त्यापलीकडं काय असेल ती. टायरवरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचे लोक हा हिशेब सोडून भांडतात.

इथवर वाचून वाटेल की कंपनीनं दिलेला आकार म्हणजे वेदवाक्य, असं मला म्हणायचंय. तसं नाही. याच गाडीचं साधं भावंड आहे, हाय-लँडर. तिला कंपनीनंच २४५/७० आर १६ दिले. तिच्या टायरची भिंत १७१ मिलीमीटर, आमच्या महागड्या गाडीची १५३. दगडाधोंड्यांच्या वाटेवर कोणती बरी, हे शेंबडं पोर सांगेल. महाग व्हेरिएंटला अठरा इंची डिस्क मिळाली ती शोरूममध्ये उठून दिसते म्हणून, असा माझा कयास आहे. म्हणजे दिसण्याचा मोह आधी कंपनीलाच झाला. चाकाची कमान भरायची तर डिस्क मोठी करा, रबर कमी करा, असा सध्या सगळ्याच गाड्यांचा कल आहे. खडकाळ रस्त्याला नेमकं उलटं हवं असतं. कुणी जाणकारानं या गाडीला सतरा इंची डिस्क आणि २६५/६५ आर १७ टायर बसवले, तर उंची ७७६ मिलीमीटर होते, मूळच्यापेक्षा फक्त पावणेदोन टक्के जास्त, आणि भिंत १७२ मिळते. हा आकार टोयोटाच्या हायलक्सला भारतात कंपनीकडूनच येतो. खरं सांगायचं तर सगळ्यांत शहाणा बदल हाच. पण यात डिस्क लहान होते आणि गाडी दिसायला होती तशीच राहते, म्हणून दुकानात तो कुणी सुचवत नाही.

कंपनीचा आकडा चुकू शकतो याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं. २००० साली फायरस्टोननं पासष्ट लाख टायर परत मागवले. त्यांतले बहुतेक फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांना लागलेले होते, आणि ही एक्सप्लोरर फोर्डच्या रेंजर पिकअपच्याच सांगाड्यातून आलेली. टायरची नक्षी सुटून गाड्या उलटत होत्या, माणसं मरत होती. टायर खराब की गाडी खराब, यावरून दोन्ही कंपन्या एकमेकींवर तुटून पडल्या. त्या वादात हवेचा आकडाही होता: फोर्डनं शिफारस केलेली हवा २६ पाउंड, आणि इतक्या कमी हवेवर भरलेली गाडी उन्हात जोरात पळवली की टायर आतून तापतो. टायर मूळ आकाराचेच होते. आज गाड्यांच्या डॅशबोर्डवर हवा कमी झाल्याचा जो दिवा लागतो, त्याची सक्ती अमेरिकेत या प्रकरणानंतरच आली.

आणि मोठ्या टायरची खरी गरज बघायची असेल तर आइसलँडकडं बघावं. तिथं बर्फावरून गाडी नेताना चाक रुतू नये म्हणून हायलक्ससारख्या पिकअपांना ३८ आणि ४४ इंची टायर लावतात आणि हवा अगदी दोन-तीन पाउंडांपर्यंत उतरवतात. पण ती माणसं कमानी कापून नव्या बसवतात, सस्पेन्शन बदलतात, ॲक्सलमधले गियरही बदलतात, म्हणजे घाटातला सेकंड रडत नाही. टायर हे त्यांच्या कामाचं शेवटचं टोक असतं. आपल्याकडं सुरुवातही टायर आणि शेवटही टायर.

कायद्याचंही एकदा बोलून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलामागं पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रस्त्यावर टायरसाठी कुणी अडवत नाही, हे मलाही माहीत आहे. प्रश्न अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरतो तेव्हाचा असतो.

हे सगळं कागदावर मांडत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की भाच्याचा आणि माझा वाद दोन वेगळ्या प्रश्नांवर चाललाय आणि आम्ही त्याला एकच नाव दिलंय. आकार हा एक प्रश्न. नक्षी हा दुसरा. त्याच्या टायरची नक्षी ऑल-टेरेन आहे, मोठे ठोकळे, रुंद खाचा, खांद्यापर्यंत उतरलेली. माझे टायर हायवेचे, बारीक खाचांचे. आमच्या बागेची शेवटची वाट तांबड्या मातीची. जूनमध्ये पहिल्या दोन सरी झाल्या की ही माती बारीक खाचांत गच्च बसते आणि टायर वरून सपाट होऊन जातो. मग उंची ७६३ असो नाहीतर ८०२, तो जागच्या जागी फिरतो. रुंद खाचेतून माती फिरता फिरता उडून जाते आणि रबराला पुन्हा जमीन मिळते. चिखलात भाच्याची गाडी निघाली ती खाचांमुळं. श्रेय मात्र तो उंचीला देत होता, कारण दुकानात त्याला दोन्ही एकाच वेळी विकलं गेलं.

नक्षीचीही दुसरी बाजू आहे. आमच्या त्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माझी गाडी त्यातल्या फार थोड्या पावसात चिखलात असते. बाकी सगळा वेळ ओल्या डांबरावर. ओल्या डांबरावर जमिनीला टेकलेलं रबर जितकं जास्त आणि त्यात बारीक चिरा जितक्या जास्त तितकं बरं. ठोकळ्याठोकळ्यांचा टायर तिथं कमी पडतो. पिकअपचं तर आणखी अवघड. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसतं, घाटात ओल्या वळणावर जरा ॲक्सिलेटर जास्त दाबला की मागची बाजू सरकते. पावसाळ्यासाठी म्हणून मड-टेरेन, म्हणजे खास चिखलाच्या नक्षीचे टायर, टाकणाऱ्यांनी आपला पावसाळा नक्की कुठं जातो हे आधी बघावं. ऑल-टेरेनमध्येही सौम्य आणि रांगडी असे प्रकार असतात; मला त्यातली सौम्य पटली.

तिसरा प्रश्न हवेचा, आणि तो फुकट आहे म्हणून त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर पुढची हवा, मागची हवा आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी लिहिलेली असते. पेट्रोल पंपावरचा पोरगा मात्र चारही चाकांत सरसकट पस्तीस भरतो. चिखलात किंवा मोकळ्या मातीत हवा वीस पाउंडांपर्यंत उतरवली की टायर लांबट बसतो, जमिनीला टेकणारा पट्टा वाढतो, आणि कुठलाही नवा टायर न घेता गाडी निघते. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर हौद्यातल्या पेटीत ठेवला की परत भरायची चिंता नाही.

पण सड्यावर हेच करायला जाल तर फसाल. जांभ्याच्या कातळाची धार बघायला खाली बसावं लागतं. वरून तो छिद्राछिद्रांचा, भाजल्यासारखा दिसतो. पण पावसानं धुपलेल्या जागी त्याच्या कडा सुरीसारख्या लागतात आणि मोकळ्या चिऱ्याचा तुकडा टायरखाली तिरका उभा राहतो. हवा उतरवलेल्या टायरची भिंत बाहेर फुगते आणि तो तुकडा नेमका भिंतीला लागतो. माझ्या मागच्या डाव्या टायरला असाच कट होता, बोटाच्या दोन पेरांएवढा, आत पांढरं सूत दिसत होतं. नक्षीतल्या खिळ्याचं पंक्चर निघतं. भिंतीतलं निघत नाही. त्यामुळं चिखलात हवा कमी, कातळावर हवा पुरी आणि चाल सावकाश. आणि एक, सड्यावर वाट सोडून गाडी घालूच नये. बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, तशी आसपासच्या कितीतरी सड्यांवर आहेत, नुसत्या उथळ रेघा, गवत वाढलं की दिसतही नाहीत. मोठे टायर टाकलेल्या गाड्यांना मोकळा सडा दिसला की चेव येतो. कुणी कधी कोरून ठेवलेल्या माशावरून आपला टायर जाऊ नये.

शेवटी दुकानात गेलो. टायरवाल्यानं आधी २६५/६५ च आणून उभे केले, कारण मागच्या महिन्यात तेच खपले होते. मी मूळ आकारात ऑल-टेरेन मागितला. तो मागवावा लागेल, दोन दिवस लागतील म्हणाला. लागू देत म्हटलं. आला तेव्हा तीन गोष्टी बघितल्या. एक, लोड इंडेक्स. आकार मोठा म्हणजे वजन जास्त पेलतो असा समज असतो, तो खरा असेलच असं नाही. ११२ लिहिलेला टायर ११२० किलो पेलतो आणि १०८ लिहिलेला १०००, आकार काहीही असो. पिकअपच्या मागच्या चाकांना हा आकडा खाली गेलेला चालत नाही. दोन, जन्मतारीख. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीन, पाचही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे.

पाचव्यावरून थोडी घासाघीस झाली. "स्टेपनी कशाला बदलताय, जुन्यातला बरा निवडून ठेवू," असं टायरवाला स्वतःच म्हणाला, म्हणजे बिचारा प्रामाणिक. पण या गाडीच्या फोर व्हील ड्राइव्हला मध्ये डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारे गियर, नाही. फोर-एचवर पुढची आणि मागची चाकं एकाच गतीनं बांधली जातात. चिखलात पंक्चर झालं आणि एका चाकाला आठ मिलीमीटरनं खुजा टायर लागला, तर फोर व्हील टाकता येत नाही. टाकलं तर गियरांवर ताण. ज्या दिवशी फोर व्हील लागणार, स्टेपनीही बहुधा त्याच दिवशी लागणार. मोठे टायर टाकणारे हा पाचवा विसरतात. गाडीच्या पोटाखाली साखळीला जुना लहान टायर तसाच लटकत असतो, आणि गरज पडेपर्यंत कुणी खाली वाकून बघत नाही. भाच्याचाही तसाच आहे. मी त्याला सांगितलं. "बघू की मामा," म्हणाला.

पोरानं साबणाचं पाणी लावून टायर डिस्कवर चढवले, मशीनवर फिरवून काठाला वजनं चिकटवली, अलाइनमेंट झाली. पाच हजार किलोमीटरला टायर फिरवायचे आहेत, त्या फिरवण्यात स्टेपनीलाही घ्यायचं ठरवलंय. घाटातला सेकंड पूर्वीसारखाच चालतो. गाडीही दिसायला पूर्वीसारखीच आहे, नक्षी खांद्यावर थोडी उतरल्यामुळं जराशी भारदस्त. हे बायकोच्या लक्षात आलं नाही, तात्यांनी मात्र चहाचा कप हातात धरून खाली वाकून बघितलं आणि किती पडले ते विचारलं. आकडा ऐकून पुढं काही बोलले नाहीत.

भाचा त्याच्या टायरवर खूश आहे आणि त्याला ते शोभतातही. परवा फोनवर वैतागून सांगत होता, गाडी साडेदहाच्या वर द्यायलाच तयार नाही, इंजेक्टर दाखवू का. मी मनातल्या मनात पाच टक्के मिळवले आणि इंजेक्टर ठीक आहेत म्हणून सांगितलं.